दुसऱ्या गुहेच्या तोंडाशी

कंट्रोलर बाजूला ठेवा. नुकतेच खेळून उठला असाल तर जरा थांबा, बोटं अजून उड्या मारत असतील. पाठ टेकेल असं बसा, फोन पालथा घाला, आणि पुढचं सावकाश वाचा. मध्ये कुठे थांबायला सांगितलं तर खरंच थांबा. घाईने संपवलंत तर यातलं फारसं हाती लागणार नाही.

आज ज्यावर मन ठेवायचं ती गोष्ट वरवर पाहता किरकोळ आहे. एक गेम आपल्याला फार आवडतो. त्याचा दुसरा भाग येणार अशी बातमी येते. आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या पोटातच एक धास्ती हलते. सिनेमा, कादंबरी, नाटक, कशाच्याही बाबतीत असं होतं. आपण मात्र एकच गेम घेऊ, कारण त्यात ही धास्ती फार चमत्कारिक रूप घेते. डेरेक यू या अमेरिकन गेमकर्त्याचा ‘स्पेलंकी’.

ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांनी उठून जाऊ नये. गुहा लगेच दाखवतो.

डोळे मिटा. (वाचायला डोळे लागतात हे मान्य, एक परिच्छेद वाचा, मग मिटा.) टोपी घातलेला, मोठ्या नाकाचा एक बुटका माणूस खाणीत उतरलाय. हातात चाबूक. बदामाच्या आकाराचे चार जीव, चार बॉम्ब, चार दोर, एवढीच पुंजी. खाली जायचंय. वाटेत साप, कोळी, वटवाघळं, भिंतीतून सुटणारे बाण, आणि बंदूक घेऊन दुकान चालवणारा एक दुकानदार, ज्याच्याकडून वस्तू चोरली की पुढच्या दरवाजांवर त्याचे भाऊबंद वाट बघत उभे असतात. खाण, मग जंगल, मग बर्फाच्या गुहा, मग देऊळ. प्रत्येक प्रदेशाच्या चार लेव्हल. एका लेव्हलमध्ये अडीच मिनिटांहून जास्त रेंगाळलात तर एक भूत येतं. त्याचा स्पर्श झाला की खेळ संपला, मग जीव कितीही शिल्लक असोत.

आणि मेलात की पहिल्यापासून. सेव्ह केलेलं काही नाही. जमवलेलं सोनं, जेटपॅक, शॉटगन, सगळं गेलं. परत आत शिरता तेव्हा गुहाही बदललेली असते. कालचा खड्डा आज तिथे नाही.

हे दोन नियम, मेल्यावर सगळं जाणं आणि दर वेळी नवी गुहा, 1980च्या ‘रोग’ या गेममधून आलेले आहेत. तो युनिक्सच्या पडद्यावर नुसत्या अक्षरांनी काढलेला असायचा. राक्षस म्हणजे इंग्रजी वर्णमालेतलं एखादं मोठं अक्षर. त्याच्या पठडीतले ते रोगलाइक. हे गेम बहुतेक करून पाळीपाळीने खेळायचे असत, विचार करायला वेळ मिळे. यूने त्यांचा जीवघेणा निष्ठुरपणा उचलला आणि मारिओसारख्या उड्यांच्या खेळात, प्लॅटफॉर्मरमध्ये, आणून बसवला. डिसेंबर 2008 मध्ये त्याने हा गेम फुकट उपलब्ध करून दिला. विचार करायला वेळ मिळणं बंद झालं.

आता थांबा. गुहा दिसली का? नसेल दिसली तर निदान पडण्याचा तो एक क्षण आठवा, कुठल्याही गेममधला, जेव्हा पायाखालची फरशी संपल्याचं तुम्हाला बोटांच्या आधी कळलं होतं.

मग आता गुहेच्या भिंतींमागे जाऊ. नवी गुहा दर वेळी तयार होते म्हणजे काय होतं? चार आडवे, चार उभे, असा सोळा खोल्यांचा चौकोन घेतला जातो. सगळ्यात वरच्या ओळीत कुठेतरी प्रवेश ठेवला जातो. तिथून प्रोग्राम डावीकडे, उजवीकडे किंवा खाली असं चालत जातो आणि तळाशी बाहेर पडायचं दार ठेवतो. ज्या खोल्यांमधून तो चालला त्या एकमेकींना जोडलेल्या असतात, म्हणजे बॉम्ब आणि दोर न वापरताही तळ गाठता येईल अशी एक वाट नक्की राहते. उरलेल्या खोल्या कशाही. मग प्रत्येक खोलीत आधी हाताने रचून ठेवलेल्या साच्यांपैकी एखादा साचा बसवला जातो, त्यात थोडी उलथापालथ होते, आणि वर साप, सापळे, सोनं शिंपडलं जातं.

ही हमी मला फार लोभस वाटते. वाट आहे, पण ती कुठे आहे हे सांगणार नाही. या एका रचनेवर काही लोकांनी आयुष्यातली बरीच वर्षं घालवली, आणि त्यांना मूर्ख म्हणवत नाही.

इथे थांबा, आणि स्वतःला एक साधा प्रश्न विचारा. जो गेम दर वेळी नवी गुहा देतो, त्याचा दुसरा भाग कशासाठी हवा?

उत्तर देऊ नका. प्रश्न नुसता समोर ठेवा. गोष्ट सांगणाऱ्या गेमचा दुसरा भाग कळतो. पुढे काय झालं ते सांगायचं असतं. इथे पुढे काही व्हायचं नव्हतं. गुहा संपत नव्हती. तरीही 30 ऑक्टोबर 2017ला पॅरिसमध्ये ‘स्पेलंकी 2’ची घोषणा झाली तेव्हा जगभरचे खेळाडू हरखले. म्हणजे नवी गुहा रोज मिळत असूनही काहीतरी कमी पडत होतं.

त्या हरखण्याकडे आता जवळून बघू. तुम्ही त्या वेळी स्पेलंकी खेळत नसाल तर दुसरं कुठलंही नाव घ्या. ज्याचा पुढचा भाग येतोय म्हटल्यावर तुम्ही ताठ बसला होतात ते.

आशा एकेक करून येऊ द्या. पहिल्या आशा ढोबळ असतात. जास्त प्रदेश, जास्त शस्त्रं, जास्त शत्रू. वाहणारं पाणी, वाहणारा लाव्हा. दूर बसलेल्या मित्राबरोबर ऑनलाइन खेळता यावं. या आशा खोट्या नाहीत, आणि ‘स्पेलंकी 2’ने त्या पुऱ्याही केल्या. पण त्या येऊन गेल्यावर एक जास्त हळू, जास्त खालची आशा वर येते. तिला नाव द्यायला वेळ लागतो. पहिल्यांदा बाण कुठून आला हे कळलं नव्हतं, आणि त्यावर तुम्ही हसला होतात. गुहेतल्या कालीच्या वेदीवर बेशुद्ध माणूस ठेवला तर काय होईल हे माहीत नव्हतं, म्हणून ठेवून पाहिला होतात. सगळ्यात खोलवर हे हवं असतं. ते न कळणं परत मिळावं.

गुहेचा नकाशा रोज नवा असला तरी गुहेचे कायदे जुनेच असतात. बाणाच्या सापळ्याने दोन जीव जातात, हे एकदा कळलं की कळलं. कोळी कधी खाली उडी घेतो, भूत कधी येतं, दुकानदाराला बेसावध कसं गाठायचं, हे शंभरदा मेल्यावर हातात उतरतं. मग भुतालाही माणूस कामाला लावतो: ते रत्नांवरून गेलं की त्या रत्नांचे हिरे होतात, म्हणून मुरलेले खेळाडू मुद्दाम त्याची वाट बघत थांबतात आणि त्याला गुहाभर फिरवून आणतात. ज्याच्यापासून पळायचं ते उत्पन्नाचं साधन झालं. कौशल्य म्हणतात ते हेच, आणि कुतूहलाचा शेवटही इथेच होतो.

आता भीती येऊ द्या. तिला हाकलू नका.

पहिली भीती ताबडतोब ओळखू येते: उडी बदलेल. सरपटण्याचं, लोंबकळण्याचं, कडा बोटांनी धरून राहण्याचं जे गणित बोटांना पाठ झालंय, ते एका केसानेही हललं तर सगळं हललं. दुसरी भीती: फाफटपसारा वाढेल. मूळ गेमचं सौंदर्य असं, की त्यात मोजक्या वस्तू आहेत आणि त्या एकमेकींवर आपटल्या की हजार अपघात घडतात. वटवाघूळ सापळ्यासमोरून जातं, त्याने सापळा उडतो, त्याचा बाण दुकानदाराला लागतो, आणि सगळी खाण तुमच्यावर चवताळून येते, तुम्ही काहीही केलेलं नसताना. वस्तू दुप्पट झाल्या तर हे दुप्पट चांगलं होईल असं नाही. लाडू दुप्पट गोड केला म्हणून दुप्पट खाल्ला जात नाही. तिसरी भीती जरा अवघड: कर्त्याने आपलं ऐकलं तर? चाहत्यांना जे हवं ते त्याने दिलं, सगळीकडे ओळखीच्या खुणा पेरल्या, तर गेम चाहत्यांच्या संमेलनासारखा होईल.

आणि चौथी. ही सहसा कुणी बोलून दाखवत नाही. नव्या गुहेत मी पुन्हा नवशिका असेन. पहिल्याच लेव्हलला मरेन, आणि लोक बघत असतील.

थांबा. या चौथ्या भीतीजवळ थोडं जास्त बसा.

मघाची सगळ्यात खोल आशा आठवते? न कळणं परत मिळावं. आणि ही सगळ्यात खोल भीती: मला पुन्हा काही कळेनासं होईल. दोन्ही एकाच गोष्टीविषयी आहेत. दुसऱ्या भागाने आपलं अज्ञान आपल्याला परत द्यावं, पण आपलं ज्ञान मात्र काढून घेऊ नये, असं आपण मागत असतो. असा गेम कुणी कसा बनवणार? पाचसहा श्वास वाट पाहू, मन यातून काही पळवाट काढतं का ते.

माझं मन काढतं. ते म्हणतं, मग पहिलाच बरा होता, पहिल्यालाच धरून राहू. पण इथे इतिहास आडवा येतो. ज्या गेमला बहुतेक लोक ‘पहिला स्पेलंकी’ म्हणतात तो पहिला नव्हेच. 2008चा फुकट गेम ठसठशीत चौकोनी पिक्सेलचा होता. 2012च्या जुलैत एक्सबॉक्सवर जो आला, आणि 2013मध्ये पीसी आणि प्लेस्टेशनवर गेला, तो सगळा नव्याने रंगवलेला, नव्याने लिहिलेला, नव्या संगीताचा होता. आयरिक सुर्केचं ते संगीत आज चाहत्यांना मुळातलंच वाटतं. जुन्या मंडळींपैकी काहींनी तेव्हा नाकं मुरडली होती: फार गुळगुळीत झालाय, पिक्सेलची मजा गेली. पीसीच्या आवृत्तीने तर रोजच्या आव्हानाची भर घातली, दिवसाला एकच गुहा, जगातल्या सगळ्यांना तीच, आणि प्रत्येकाला एकदाच संधी. आज या गेमच्या भक्तांना ते सोडून त्याची कल्पनाच करवत नाही. ज्याला आपण बदलू नका म्हणून कवटाळून बसलो होतो तो स्वतःच एक दुसरा भाग होता.

हे लक्षात आल्यावर छातीत काय होतं ते बघा. माझ्या बाबतीत आधी किंचित फसवल्यासारखं वाटतं, मग बरं वाटतं.

गेम 2019मध्ये येणार होता, तो पुढे गेला. अखेर 15 सप्टेंबर 2020ला प्लेस्टेशनवर आणि दोन आठवड्यांनी, 29 तारखेला, पीसीवर आला. जग महासाथीतून जात होतं तेव्हा. यूच्या मॉसमाउथ कंपनीबरोबर ब्लिटवर्क्स या स्पॅनिश स्टुडिओने तो बनवला होता. या वेळी गुहा चंद्रावर होती, आणि नायिका होती ॲना, जुन्या टोपीवाल्याची मुलगी, हरवलेल्या आईबापांना शोधत निघालेली. मला हे फार समजुतीचं वाटलं. बाप आपली गुहा हिंडून झाला. आता मुलीची गुहा वेगळी असणार, हे पहिल्या पडद्यावरच सांगून टाकलं.

आणि मग धास्ती खरी ठरली, सगळ्याच बाबतीत. पहिल्याच प्रदेशात जमिनीतून पोखरत येणारे चिचुंदरीसारखे प्राणी होते. गडगडत अंगावर येणारे सरडे होते. जगातले मुरलेले खेळाडू पहिल्या लेव्हलला पटापट मेले आणि लोकांनी ते थेट प्रक्षेपणात पाहिलं. भूत आता तीन मिनिटांनी येऊ लागलं, म्हणजे हाताला बसलेलं घड्याळही बिघडलं. वाट मध्येच फुटायची: जंगलाकडे की ज्वालामुखीकडे? भिंतीमागे दुसरा थर होता, दारातून मागच्या गुहेत जाता यायचं.

एक तपशील मात्र मी परत परत मनात घोळवतो. पहिल्या गेममध्ये देवळाच्या तळाशी ओल्मेक होता, दगडाचं प्रचंड डोकं, उड्या मारत चिरडायला येणारं. बहुतेकांसाठी तोच शेवट. दुसऱ्या भागात ओल्मेक अर्ध्या वाटेवर येतो. तिसऱ्या टप्प्यात त्याला ओलांडायचं आणि मग खरी खोली सुरू होते. जुना शेवट उचलून मध्यावर ठेवला. यात जुन्या गेमचा अपमान नाही. पण त्याची पूजाही नाही.

मराठी वाचकाला इथे आणखी एक गोष्ट टोचेल किंवा गुदगुल्या करेल. 2012च्या गेममध्ये ओल्मेकच्याही खाली, फार थोड्यांना गवसणाऱ्या नरकाच्या शेवटी, सिंहासनावर यम बसलेला आहे. होय, आपला यमधर्मच, फक्त पूर्व आशियातून फिरून आलेल्या रूपात. वरच्या लेव्हलमध्ये कालीच्या वेद्या आहेत. माणूस अर्पण केला की काली प्रसन्न होऊन भेटी देते, वेदी फोडली तर कोपते. आपल्या देवादिकांना असं दुकानाच्या हिशोबात पाहून कुणाला राग येऊ शकतो. मला तो आला नाही, कारण नवसाचा हिशोब आपल्याकडेही काही फार निराळा नसतो.

या यमापाशी एक अफलातून गंमत लपलेली होती: वांगं. कालीला भेटवस्तूची न उघडलेली पेटी वाहायची, ती वांगं देते. ते वांगं एकाही धक्क्याने न फुटू देता, हातातून खाली ठेवत, उचलत, सगळ्या गुहांमधून नरकापर्यंत न्यायचं आणि यमाच्या तोंडावर फेकायचं. यमाचं तोंडच वांगं होऊन जातं. हे गुपित खेळाडूंनी मिळून शोधून काढलं. एकट्याने हे जमणं अशक्य आहे असंच समजलं जात होतं, आणि 2013मध्ये एका पठ्ठ्याने ते थेट प्रक्षेपणात एकट्याने करून दाखवलं. मोठमोठ्या बक्षिसांच्या स्पर्धांपेक्षा या वांग्याची आठवण लोकांना जास्त आहे, आणि ते योग्यच आहे.

दुसऱ्या भागात यम नाही. त्याच्या जागी बाबिलोनची टियामॅट आणि चिनी पुराणातला हुंडुन आहेत. काली राहिली. वांगंही राहिलं, इतकंच नाही तर वांग्याचं अख्खं गुप्त जग तयार झालं. ही ती तिसरी भीती, चाहत्यांना डोळा मारण्याची, आणि ती खरी ठरलीच. तरीही ते जग इतक्या आडवाटेला आणि इतक्या वेड्या अटींमागे लपवलेलं आहे, की डोळा मारलेला फार थोड्यांना दिसला. यम गेल्याची हळहळ मला वाटते. वांग्याचं जग नसतं तरी चाललं असतं असं माझं मत आहे.

पुन्हा थांबू. आता सगळ्यात अवघड भाग.

या गेमने आपल्याकडून कशाची तालीम करून घेतली? दर दहा मिनिटांनी सगळं सोडून देण्याची. जेटपॅक मिळाल्यावर पुढच्याच वळणावर काट्यांवर पडायचं, आणि चरफडत का होईना पुन्हा चार बॉम्ब, चार दोर घेऊन निघायचं. ज्याने हे हजारदा केलंय त्याला सोडून देण्याची सवय असायला हवी. साधूपेक्षा जास्त. आणि तोच माणूस दुसऱ्या भागाची बातमी ऐकून म्हणतो, माझा दुकानदार बदलू नका, माझी उडी बदलू नका, माझं भूत अडीच मिनिटांनीच येऊ द्या. गुहेतलं सगळं सोडायला शिकलो, गुहाच तेवढी सोडवत नाही.

यावर हसायला हरकत नाही. मीही हसतोच. पण हसून झाल्यावर त्या घट्ट मुठीकडे बघा. ती कशाभोवती आवळलेली आहे? उडीभोवती की त्या काळाभोवती, जेव्हा तुम्ही रात्री उशिरापर्यंत शेजारी बसलेल्या कुणाबरोबर ती उडी मारत होतात? माझ्या मते बरीचशी मूठ दुसऱ्या गोष्टीभोवती असते. आणि ती गोष्ट यूच्या हातात कधीच नव्हती. कितीही चांगला प्रोग्राम लिहिला तरी 2012ची खोली, तो पंखा, तो शेजारचा माणूस त्यात बसवता येत नाही. दुसऱ्या भागावरच्या रागातला बराच हिस्सा चुकीच्या पत्त्यावर पाठवलेला असतो.

उडीचा राग मात्र खरा असू शकतो, हे इथे नोंदवतो. प्रत्येक तक्रार हळवेपणाची नसते. नव्या गेममधलं शापाचं प्रकरण, ज्यात जीव एकदम एकावर येतो आणि सगळी खेळी अंगावर काटा घेऊन खेळावी लागते, मला अजूनही जाचक वाटतं. त्यात शिकण्यासारखं आहे, पण मजा कमी आहे. आणि गेमच्या शेवटी असलेला कॉस्मिक ओशन, लेव्हल 7-5पासून थेट 7-99पर्यंत, नव्वदीच्या वर लेव्हलचा एकसारखा अंतराळसागर, तो रुंद आहे, खोल नाही. तासन्‌तास श्वास रोखून बसण्याला काही लोक साधना म्हणतात. म्हणोत.

शेवटचं काम. कागद पेन्सिल घेतलीत तरी चालेल. तुमच्या आवडत्या गेमचा नवा भाग उद्या जाहीर होणार आहे असं धरा. त्यात काय असावं हे लिहू नका; ते सगळेच लिहितात. त्यासाठी तुम्ही काय जाऊ द्याल ते लिहा, खरोखर जाऊ द्याल असं, आणि एक तरी नाव असं लिहा की लिहिताना हात अडला पाहिजे. सावकाश. शेजारच्याचं बघून लिहू नका.

माझी यादी तयार आहे. सुरुवातीचे चार बॉम्ब आणि चार दोर मी देऊन टाकतो, ओल्मेकलाही परत नको, रोजचं आव्हानसुद्धा चालेल नसलं तर. दुकानदाराच्या नावापाशी हात अडला होता. तेही मी लिहिलं, मग खोडलं, आणि सध्या ते खोडलेलंच आहे.